हिरवळीखालची हुमणी

भाद्रपदांत गणपतीच्या आदल्या दिवशीं दूर्वा खुडावयास अंगणांत जावें, आणि चार दिवसांपूर्वीं हिरवीगार असलेली हरळी जागजागीं पिवळी पडलेली दिसावी, हा अनुभव देशावरील पुष्कळ घरांना येतो. पाऊस भरपूर झालेला असतो, खतहि वेळेवर घातलेलें असतें. मग गवत ऐन वैशाखांत सुकावें तसें आतां कां सुकलें, हें कोडें कोणास उलगडत नाहीं. कोणी म्हणतो पाणी सांचलें, कोणी म्हणतो माळ्यानें खत जास्त टाकलें. जुडी करावी म्हणून गवताची मूठ धरून ओढली, कीं पात्यांबरोबर सबंध थरच हातांत येतो. जमिनीवर अंथरलेली सतरंजी एका टोंकाला धरून उचलावी, तशी हिरवळ उचलली जाते. खालीं मुळें म्हणून उरलेलींच नसतात. त्या उघड्या पडलेल्या भुसभुशीत मातींत अर्धचंद्राकृति वळलेल्या, पांढऱ्या, लठ्ठ अळ्या निपचित पडलेल्या असतात. डोकें तांबूस-पिवळें, त्याच्या मागें पायांच्या तीन जोड्या, आणि शेपटाकडचा भाग पोटांतील मातीमुळें काळसर. हीच हुमणी. विदर्भांत हिला उन्नी असेंहि म्हणतात.

उंसाच्या आणि भुइमुगाच्या शेतकऱ्याला हिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु शहरांतल्या बंगल्याच्या अंगणांत, किंवा अलीकडे हाउसिंग सोसायट्यांच्या आवारांत ज्या हिरवळी आपण हौसेनें राखतों, त्यांच्याखालींहि हीच अळी वाढत असते, हें बहुधा नुकसान झाल्यावर कळतें. मग पहिली धांव दुकानाकडे. दाणेदार विषाची पिशवी येते, माळी तें विष गवतावर फेंकतो, वर पाणी सोडतो, आणि दोन दिवस ‘मुलांनो, गवतावर जाऊं नका’ असा हुकूम सुटतो. प्रस्तुत लेखाचें सांगणें एवढेंच आहे, कीं हा सर्व खटाटोप उलट्या टोंकाकडून चाललेला असतो. हुमणीला गांठावयाचें तें भाद्रपदांत जमिनीखालीं नव्हे, रोहिणी-मृगाच्या पावसांत झाडावर. आणि तेंहि एकट्या घरानें नव्हे, सबंध आळीनें मिळून. (अळीचा बंदोबस्त आळीनेंच करावा, अशी मराठी भाषेचीच जणूं योजना दिसते!)

असें कां, हें समजावयास हिचें वर्षभराचें चरित्र पाहिलें पाहिजे.

हुमणी हें एका भुंगेऱ्याचें बालपण होय. मोठेपणीं तिचा तपकिरी रंगाचा, पाऊण ते एक इंच लांबीचा, जाड कवचाचा भुंगेरा बनतो. आपल्या माळरानांवर आढळणाऱ्या मुख्य जातीला शास्त्रज्ञ होलोट्रिकिया सेराटा म्हणतात. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभीं पहिला चांगला पाऊस होऊन माती भिजली, कीं उन्हाळाभर जमिनींत दडून बसलेले हे भुंगेरे दिवेलागणीच्या वेळीं एकाएकीं बाहेर पडतात. त्यांच्या पंखांचा घोंघाट संधिप्रकाश असेपर्यंत ऐकूं येतो. मग तो थांबतो व ते जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. तेथें नर-मादींचा संयोग होतो, रात्रभर पाला खाणें चालतें, आणि पहांट फुटण्यापूर्वीं सारे जण खालीं उतरून पुनः मातींत शिरतात. सकाळीं उठून पाहणाराला कुरतडलेलीं पानें तेवढीं दिसतात. चोर दिसत नाहीं.

मादी ओलसर मातींत चांगलें चार बोटें खोल जाऊन एकेक करून अंडीं घालते. एका मादीचीं सुमारें ५०–६० अंडीं होतात. साधारण १०–१५ दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. पहिला महिनाभर त्या इतक्या बारीक असतात, कीं मातींतलें कुजकें द्रव्य आणि तंतुमुळें यांवरच त्यांचा निर्वाह चालतो. वर गवताला कांहीं कळतहि नाहीं. दोन वेळां कात टाकून अळी तिसऱ्या अवस्थेला पोंचली, म्हणजे मात्र तिची भूक अनावर होते. श्रावणापासून आश्विनापर्यंतचे महिने हे तिचे सुगीचे महिने. या काळांत ती गवताचीं, गुलाबाचीं, शेवंतीचीं, मिरचीचीं, जें समोर येईल त्याचीं मुळें फस्त करते. थंडी पडूं लागली, कीं ती खोल जाऊन मातीची कोठडी करून तींत कोशावस्थेंत जाते. त्या कोशांतून भुंगेरा तयार होतो. पण तयार झाला म्हणून तो लगेच वर येत नाहीं. पुढल्या पावसाची थाप दारावर पडेपर्यंत तो तेथेंच पडून राहतो. अशी वर्षाला एकच पिढी.

या चरित्रांतील मख्खी वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं जवळजवळ सर्व काळ हा शत्रु जमिनीखालीं असतो. फक्त ज्येष्ठांतल्या थोड्या रात्रीं तो उघड्यावर, आपल्या हाताच्या टप्प्यांत, अन्नाला आणि जोडीदाराला भुलून बेसावध बसलेला असतो. त्या रात्रीं शंभर भुंगेरे वेंचले, आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर २,५०० अंड्यांचा प्रश्न एका बादलींत मिटला. हींच अडीच हजार अंडीं फुटून वाढल्यावर त्यांतल्या ज्या अळ्या जगतील त्या आपल्या हिरवळीखालीं वीतभर खोल पसरलेल्या असणार. वरून टाकलेलें औषध तेथवर पुरतें पोंचत नाहीं, आणि अळी जितकी मोठी तितकी ती विषाला दाद देत नाहीं.

एक अपवाद येथेंच सांगून ठेवला पाहिजे. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं, सांगली-कोल्हापूरकडे, नदीकांठची म्हणून हुमणीची जी दुसरी जात आहे (लेउकोफोलिस लेपिडोफोरा), तिचे भुंगेरे पाला खाण्यासाठीं झाडांवर फारसे जमत नाहींत. तेथील मंडळींनीं झाडें हलवीत बसण्याऐवजीं संध्याकाळीं जमिनीतून वर येणारे व जमिनीलगत उडणारे भुंगेरेच पकडावे.

आतां घरोघर होणारी एक गल्लत. खताचा खड्डा उपसतांना किंवा गच्चींतल्या कुंडींतली माती बदलतांना अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतात, आणि ‘हुमणी, हुमणी’ म्हणून घरांत एकच गलका होतो. सगळें खत फेंकून दिलें जातें. वास्तविक त्यांतल्या पुष्कळशा अळ्या हुमणीच्या नसतातच. दिवसा फुलांवर येणारे जे चकचकीत भुंगेरे आपण पाहतों, त्यांच्या त्या अळ्या असतात व त्या पालापाचोळा खाऊन त्याचें उत्तम खत करून देतात. जिवंत मुळांच्या वाटेला त्या सहसा जात नाहींत. ओळखण्याची खूण इतकी मजेची आहे, कीं ती एकदां मुलांना दाखविली तर तीं जन्मभर विसरणार नाहींत. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवावी व क्षणभर वाट पाहावी. ती पाठीवर उलथी होऊन, पाय आकाशाकडे करून, पाठीच्या लाटा करीत सरसर चालूं लागली, तर ती निरुपद्रवी समजावी आणि सन्मानानें खड्ड्यांत परत पाठवावी. हुमणीला ही कसरत येत नाहीं. ती कुशीवर वळून पडते, आणि फार तर पायांनीं कष्टानें सरपटते. ज्यांच्या घरीं भिंग आहे त्यांनीं हुमणीच्या शेपटाची खालची बाजू पाहावी. तेथें बारीक ताठ केसांच्या दोन समांतर रांगा दिसतील. शास्त्रज्ञ भुंगेऱ्यांच्या अळ्यांच्या जाती ठरवितात त्या याच केसांच्या मांडणीवरून.

खताच्या खड्ड्यांतली तिसरी पाहुणी मात्र कोंकणांत मारलीच पाहिजे. ती गेंड्या भुंग्याची अळी. हुमणीहून पुष्कळ मोठी, बोटभर लांब आणि जाडजूड. हिचा भुंगा नारळाच्या शेंड्यांत शिरून कोंवळा कोंब पोखरतो, आणि पुढें तीं झांवळें उलगडलीं म्हणजे कात्रीनें कापल्यासारखीं त्रिकोणी दिसतात. माडाची बाग आणि उकिरडा शेजारीं शेजारीं असणें हेंच त्याच्या वाढीचें मूळ.

कच्चें शेणखत हिरवळीवर पसरण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तीविषयींहि दोन शब्द. अर्धवट कुजलेल्या खताला मादी भुलते, शिवाय त्याच्याबरोबर अळ्याहि अंगणांत येतात. पूर्ण कुजलेलें, काळें, वास न येणारें आणि चाळून घेतलेलें खतच पावसाळ्याच्या तोंडावर वापरावें. यांत पैशाचा प्रश्न नाहीं. सहा महिने धीर धरण्याचा आहे.

बागेंतल्या इतर भुंगेऱ्यांची येथें नुसती हजेरी घेऊं. गुलाबाच्या पानांची एका रात्रींत चाळण झाली आणि दिवसा कीड सांपडेना, तर तो हुमणीच्याच कुळांतला लहान तपकिरी भुंगेरा असतो. रात्रीं नऊच्या सुमारास विजेरी घेऊन गेलें, कीं पानावरच भेटतो. पानांच्या कडांना करवतीसारखे दांते पडले असले, तर करड्या रंगाच्या सोंड्याचें काम. झाडाखालीं कापड धरून फांदी झटकली, कीं तो टपकन् पडतो. जास्वंदीच्या पाकळ्या भर दुपारीं खात बसणारे काळ्या अंगावर पिवळे-नारिंगी पट्टे असलेले हिंगे मात्र उघड्या हातानें कोणीहि चिरडूं नयेत. त्यांच्या अंगांतला रस कातडीला लागला तर फोड उठतात. देवपूजेसाठीं फुलें काढणाऱ्या मुलींना हें आवर्जून सांगावें. चिमट्यानें धरून साबणाच्या पाण्यांत टाकले, कीं काम झालें. या हिंग्यांच्या अळ्या नाकतोड्यांचीं अंडीं खातात, तेवढें पुण्य त्यांच्या खातीं जमा आहे. म्हणून फार झाले तरच हात उगारावा.

आतां मुख्य कामाकडे वळूं. पहिला दमदार पाऊस झाला, कीं त्याच संध्याकाळपासून लक्ष ठेवावें. परवचा म्हणून झाला, कीं मुलांना घेऊन कडुनिंबाखालीं उभें राहावें. घोंघाट ऐकूं आला, म्हणजे मुहूर्त लागला असें समजावें. लगेच झाड हलवूं नये. भुंगेऱ्यांना स्थिरस्थावर होऊं द्यावें, आणि आठ ते दहाच्या दरम्यान कामाला लागावें. झाडाखालीं जुनें धोतर, लुगडें किंवा चादर पसरावी. लांब काठीला आंकडी बांधून एकेक फांदी जोरानें झटकावी. भुंगेरे मेल्याचें सोंग घेऊन पटापट खालीं पडतात. तें सोंग संपण्यापूर्वीं ते गोळा करून बादलींत टाकावे. पूर्वीं बादलींत पाण्यावर रॉकेल घालीत. आतां रॉकेल घरांत नसतें, आणि त्याची जरूरीहि नाहीं. धुण्याच्या साबणाचें दाट पाणी पुरतें. भुंगेरा चावत नाहीं, डसत नाहीं. पायांचे कांटे बोटांना टोंचतात, एवढेंच. चार-पांच रात्रीं सतत हा क्रम ठेवावा, आणि मधें खंड पडून पुनः पाऊस झाला तर तो पुनः चालूं करावा.

झाड फार उंच असेल तर दिव्याचा सापळा लावतात. पसरट टोपल्यांत साबणाचें पाणी घालून त्यावर हातभर उंचीवर दिवा टांगला, कीं झालें. परंतु दिवा सांजवेळेपासून नऊ-साडेनऊपर्यंतच ठेवावा. त्यापुढें त्याच्याकडे येणाऱ्यांत उपयोगी कीटकच फार येतात, आणि आपल्या हातून नाहक संहार होतो. सापळा हिरवळीच्या मधोमधहि नको. दिव्यावर आलेले सगळेच पाण्यांत पडत नाहींत; जे बाजूला पडतील ते तेथेंच जमिनींत घुसतील. फरशीवर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला तो ठेवणें शहाणपणाचें. त्याच न्यायानें या थोड्या रात्रीं हिरवळीवर प्रकाश टाकणारे व्हरांड्यांतले दिवे मालवलेले बरे.

या ठिकाणीं एक सल्ला ऐकूं येतो, कीं कडुनिंबच तोडून टाका, म्हणजे भुंगेरे यावयाचे बंद होतील. हा सल्ला आम्हांस मुळींच मान्य नाहीं. झाड तोडल्यानें भुंगेरे नाहींसे होत नाहींत, ते विखुरतात. आणि विखुरलेले भुंगेरे हातीं लागत नाहींत. अंगणांतला कडुनिंब म्हणजे शत्रूला एका जागीं गोळा करणारें निसर्गाचें आमिष आहे. शेतकरी कधीं कधीं या फांद्यांवर विष फवारतात. पण ज्या झाडाचा पाला आपण पाडव्याला तोंडांत घालतों आणि गोंवर-कांजिण्यांत अंथरुणावर पसरतों, त्याला घराच्या आवारांत विष लावूं नये.

कांहीं घरांतून वडील मंडळी जीवहत्येचा आक्षेप घेतात. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्यांना इतकेंच विचारावें, कीं वेंचून मारलेला भुंगेरा हा तरी नक्की अपराधी आहे. परंतु मातींत टाकलेलें विष अपराधी आणि निरपराधी असें कांहीं जाणत नाहीं. त्यानें गांडूळ मरतें, मातींतले शेंकडो अनामिक जीव मरतात, आणि त्या मेलेल्या किड्यांना टिपणारी साळुंकीहि मरूं शकते.

सगळ्या आळीनें मिळून हें काम कां करावें, याचें उत्तर भुंगेऱ्याच्या पंखांत आहे. एका कुंपणांत उपजलेला भुंगेरा दुसऱ्याच्या कडुनिंबावर जेवतो, आणि तिसऱ्याच्या हिरवळींत अंडीं घालतो. एका घरानें कितीहि जागरण केलें, तरी शेजारचें झाड भरलेलें राहिलें तर भाद्रपदांत दोघांचीहि हरळी सारखीच उचलली जाते. या बाबतींत अमेरिकेंतला एक अनुभव उद्बोधक आहे. तेथें हिरवळींचा सर्वांत मोठा शत्रु म्हणून जो जपानी भुंगेरा प्रसिद्ध आहे, त्याला पकडण्यासाठीं गंधाचें आमिष लावलेल्या पिशव्या बाजारांत मिळतात. केंटकी विद्यापीठांतील संशोधकांनीं त्यांची कसोटी घेऊन १९८५ सालीं दाखवून दिलें, कीं या पिशव्या जितके भुंगेरे पकडतात त्यांहून जास्त भुंगेरे बागेकडे ओढून आणतात, आणि पिशवीजवळच्या झाडांची हानि उलट वाढते. आमिष आहे पण पकड अपुरी आहे, असा हा प्रकार. न हलविलेला कडुनिंबहि त्याच जातीचा.

या जपानी भुंगेऱ्याची कथा थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. कारण हिरवळीच्या मोहांतून माणूस कोठवर जातो, तें तींत दिसतें. न्यू जर्सी संस्थानांतल्या रिव्हरटन या गांवाजवळच्या एका रोपवाटिकेंत १९१६ सालीं हा हिरव्या-तांबूस चकाकीचा लहानसा किडा प्रथम आढळला. आयरिसच्या कंदांबरोबर आलेल्या मातींतून तो जपानहून आला असावा, असें मानतात. स्वतःच्या देशांत त्याची कोणी फारशी दखल घेत नव्हतें. तेथें त्याचे वैरीहि होते, आणि मैलचे मैल पसरलेल्या हिरवळीहि नव्हत्या. अमेरिकेच्या पूर्व भागांत वैरी नव्हते आणि हिरवळी मात्र घरोघर होत्या. अळीला गवताचीं मुळें, भुंगेऱ्याला गुलाब, द्राक्ष आणि शेंकडो झाडांचा पाला! तो पश्चिमेकडे सरकत गेला. युरोपच्या मुख्य भूमीवर, इटलींत मिलानच्या परिसरांत, तो २०१४ सालीं सांपडला.

अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रथम जो मार्ग धरला तो धीराचा होता. जपान व आजूबाजूच्या देशांतून त्यांनीं या अळीवर आपलीं अंडीं घालणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जाती आणून सोडल्या. पुढें न्यू जर्सींतच कांहीं अळ्या आजारानें दुधासारख्या पांढऱ्या पडून मेलेल्या दिसल्या. त्या रोगाच्या जंतूचें वर्णन सॅम्सन डटकी यानें १९४० सालीं केलें. तत्पूर्वींच, १९३९ पासून, त्या जंतूची भुकटी सरकारनें पूर्वेकडील संस्थानांत पसरावयास आरंभ केला होता. नंतरच्या काळांतल्या कसोट्यांत या भुकटीचा गुण सर्वत्र सारखा आला नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. आणि ती त्या एका किड्यापुरतीच असल्यामुळें आपल्या हुमणीसाठीं ती परदेशांतून मागवण्यांत अर्थ नाहीं.

परंतु इलिनॉय संस्थानांतल्या शेल्डन गांवीं एवढा धीर कोणाला धरवला नाहीं. १९५४ सालीं तेथें विमानांतून डायेल्ड्रिन नांवाचें जालीम विष शेतांवर शिंपण्यास सुरुवात झाली. विषानें तळमळणाऱ्या अळ्या व किडे जमिनीवर आले. ते पक्ष्यांनीं टिपले. आणि रॉबिनसारखे अंगणांतले नेहमींचे पक्षी त्या भागांतून जवळजवळ नाहींसे झाले. शेतांवरच्या मांजरांपैकीं बहुतेक मेलीं. मेंढ्याहि दगावल्या. राचेल कार्सन या विदुषीनें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ग्रंथांत ही हकीकत सविस्तर दिली आहे. भुंगेरा मात्र पश्चिमेकडे जातच राहिला.

आपल्याकडेहि हुमणीवर अशींच विषें वापरलीं गेलीं. बी. एच. सी. ची पांढरी पूड एका पिढीच्या शेतकऱ्यांना मिठासारखी परिचित होती. तिच्यावर भारतांत १९९७ सालीं बंदी आली. तिच्यामागून दाणेदार फोरेटचा काळ आला. तेंहि २०२० सालच्या अखेरीस बंद झालें. असें असूनहि, ‘गांवाकडे घरांत जुनी पिशवी पडली आहे’ असें सांगून ती आणणारे माळी भेटतात. अशी पिशवी फाटकाच्या आंत येऊं देऊं नये. ज्या हिरवळीवर रांगतें मूल बसतें, ज्या हरळीच्या दूर्वा देवापुढून उचलून लहान मुलें तोंडांत घालतात, जिच्या शेजारीं विहीर किंवा बोअर आहे, तेथें एका मोसमाच्या हिरवेपणासाठीं हा धोका पत्करणें आमच्या मतें अविचार आहे. आज परवाना असलेलीं कांहीं नवीं औषधें बाजारांत आहेत. पण तींहि अळी लहान असतांना, म्हणजे आषाढ-श्रावणांतच, लागूं पडतात. भाद्रपदांत घाबरून टाकलेल्या औषधाचा उपयोग दुकानदारालाच अधिक होतो.

ज्यांचा ज्येष्ठ हुकला असेल त्यांनीं मग करावें काय? पहिली गोष्ट म्हणजे मोजणें. आषाढाच्या अखेरीस हिरवळींत दोन-चार ठिकाणीं फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन तीन बाजूंनीं कापावा, गालिच्यासारखा उलटावा, खालची चार बोटें माती चाळावी, अळ्या मोजून गवत पूर्ववत् दाबून पाणी द्यावें. जपानी भुंगेऱ्याच्या बाबतींत चौरस फुटाला आठ-दहा अळ्या निरोगी हिरवळ सहन करते, असा अमेरिकेंतला अनुभव आहे. आपली हुमणी त्याहून मोठी व खादाड. म्हणून चार-पांचांपुढें गेल्यास उपाय करावा. एखाद-दुसरी सांपडली तर स्वस्थ राहावें. तेवढीला साळुंक्या पुरतात. आणि हुदहुद पक्षी जर आवारांत येत असेल, तर तो आपल्या लांब चोंचीनें हें काम माळ्याहून चांगलें करतो.

उपाय म्हणजे अळीलाच रोग लावणें. मेटारायझियम नांवाची एक बुरशी आहे. तिची कथा मोठी गमतीची. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ यांना ओडेसाकडे धान्याची नासाडी करणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांवर ती १८७९ सालीं आढळली. आणि तो भुंगेरा हुमणीच्याच कुळांतला होता. बुरशीचें बीज अळीच्या कातडीला चिकटतें, आंत रुजतें, आणि मेलेल्या अळीवर प्रथम पांढरी व मग हिरवी पूड धरते. ही बुरशी कृषि-विद्यापीठांकडे व खात्रीच्या दुकानांत मिळते. पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणांत ती चांगल्या कुजलेल्या खतांत मिसळून, दोन-चार दिवस ओलसर सांवलींत ठेवून, संध्याकाळीं भिजलेल्या हिरवळीवर पसरावी व वर पाणी द्यावें. त्याच सुमारास बुरशीनाशक औषध फवारलें तर सर्व श्रम फुकट जातात, हें माळ्याला बजावून सांगावें. गुण दिसावयास कांहीं आठवडे लागतात. आठ दिवसांत परिणाम मागणाऱ्यानें तिच्या वाटेस न गेलेलेंच बरें.

दुसरा उपाय सूक्ष्म सूत्रकृमींचा. हे डोळ्यांना न दिसणारे जंत मातींतल्या पाण्यांतून पोहत जाऊन अळीच्या अंगांत शिरतात, आणि आपल्या पोटांतले जंतु तिच्या रक्तांत सोडून तिला मारतात. अशी मेलेली अळी विटकरी तांबडी पडते. या सूत्रकृमींची हेटेरोऱ्हाब्डिटिस इंडिका ही जात कोइमतूरच्या मातींतून मिळाली व १९९२ सालीं तिचें वर्णन झालें. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन केंद्रानें तिची हुमणीसाठीं वापरण्याजोगी भुकटी केली आहे. ऊन आणि कोरडेपणा हे या जीवांचे काळ. म्हणून सूर्यास्तानंतर सोडावे, आणि पुढें दोन आठवडे माती सुकूं देऊं नये. श्रावणसरी तें काम बहुधा आपोआप करतात.

हिरवळ इतकी गेली असेल, कीं उचललीच जाते, तर ती खरोखरच गुंडाळून बाजूला करावी, खालच्या अळ्या हातानें वेंचाव्या, आणि माती एक-दोन दिवस तशीच उघडी ठेवावी. कावळे, साळुंक्या, बगळे यांना निमंत्रण लागत नाहीं. मग वरून मातीचा पातळ थर देऊन नवी हरळी टोचावी. आश्विनांतल्या उबेंत ती दिवाळीपर्यंत बऱ्यापैकीं धरते. गुलाबाचे वाफे मार्गशीर्षांत एकदां आणि उन्हाळ्यांत एकदां हातभर खोल उकरून घ्यावे. कोश आणि निजलेले भुंगेरे वर येतात, आणि त्या वेळीं ते इतके सुस्त असतात, कीं शाळेला सुटी लागलेलीं मुलें दुपारच्या आंत डबाभर गोळा करतात. उकरण्याचें काम सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं करावें, म्हणजे पक्षीहि हजर असतात.